बाबा विचारतात, "ह्यांचा सा कुठाय?" (जॅझ, सोल, गिटार वगैरे)

खेतवाडीचा_खर्ज | शनिवार, रात्री ११:४०

संगीतातलं मला काही कळत नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जाणकारांनी कान धरले तरी तक्रार नाही. ऐकतो मात्र रोज. बोरिवली ते चर्चगेट जाताना तासभर, येताना तासभर, आता तीस वर्षं होत आली.

सुरुवात झाली काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये. फोर्टात पहिली नोकरी. डबा पंधरा मिनिटांत संपवायचा आणि उरलेली सुट्टी त्या दुकानात काढायची. घेणं कमी, बघणं जास्त. पुढे २०१६ साली दुकान बंद झालं, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या तिघांनी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जायचं कुठे असा प्रश्न अगदी गंभीरपणे केला होता.

तर एक दिवस बाबांसाठी भीमसेनांची कॅसेट घ्यायला गेलो आणि दुकानात जे वाजत होतं ते ऐकून काउंटरवर विचारलं, हे काय आहे? ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९ सालचं. पगाराच्या मानाने महाग होती, पण घेतली. भीमसेन राहिले.

गाडीत वॉकमन लावला आणि वाट बघत बसलो. हे सगळं झालं की गाणं सुरू होईल, असं वाटत होतं. अंधेरी गेली, वांद्रं गेलं, गाणं सुरूच होईना. दादरच्या आसपास कधीतरी ट्यूब पेटली की हेच गाणं आहे. एक जण वाजवतो, बाकीचे त्याच्यामागे चालतात, त्याचं झालं की तो बाजूला होतो आणि दुसरा उचलतो. कोणी कोणाच्या मध्ये तंगडी घालत नाही. बाबांच्या भजनी मंडळात एक जण अभंग सोडतो आणि दुसरा उचलतो, अगदी तसं.

म्हणून मोठ्या हौसेने रात्री घरी डेकवर लावलं. बाबा पेटीवाले. मंडळात चाळीस वर्षं साथ केलेला माणूस. ऐकलं थोडा वेळ, मग पेटी पुढ्यात ओढली, भात्याला हात घातला आणि सा शोधायला लागले. पांढरी दोन (म्हणजे सप्तकातला दुसरा पांढरा सूर) दाबली. मान हलवली. काळी दोन दाबली. परत मान हलवली. पुन्हा पांढरी दोन. "ह्यांचा सा कुठाय? दोनच्या वर आणि काळीच्या खाली, मधेच लोंबकळतोय. बेसूर आहेत." मी म्हटलं, बाबा, जगातले मोठे वाजवणारे आहेत हे. तेवढ्यात टेपवर काहीतरी झालं आणि त्यांनी हात पेटीवरून उचललाच. "आणि आता तर होता तोही पळाला." पेटीला झाकण घातलं आणि चहा ठेवायला गेले.

त्यानंतर मी खूप ऐकलं. सोल ह्या अमेरिकन गाण्याच्या प्रकाराकडे बिल विदर्समुळे आलो. 'एन्ट नो सनशाइन' (१९७१) आला तेव्हा हा माणूस विमानांतल्या संडासाच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करत होता, हे कळल्यावर तर मला तो घरचाच वाटायला लागला. त्या गाण्यात एके ठिकाणी तो 'मला माहितीये, माहितीये' हे २६ वेळा म्हणतो. तिथे अजून शब्द लिहायचे होते, राहून गेले. मार्चअखेरीला शेवटची गाडी पकडून उभ्याने घरी येताना हे ऐकून बघा. २६ कमी पडतात. गिटारवाल्यांमध्ये वेस मॉन्टगमरी, जँगो राइनहार्ट, आणि आपल्या झाकिरभाईंबरोबरचा 'शक्ती'तला जॉन मॅकलाफलिन.

पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आजतागायत देता आलेलं नाही. ह्यांचा सा कुठाय? इथे कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि तुम्ही हे असलं काही ऐकता का, कसं ऐकता, तेही लिहा.

---

रोखठोक_रमेश | शनिवार, रात्री ११:५८

बाबांनी उत्तर दिलंय की. बेसूर आहेत. आपल्याकडे एवढा खजिना पडलेला असताना ह्या उसन्या आवडी कशाला? कॉफी शॉपमध्ये मागे वाजायला ठीक आहे.

---

अर्धा_चहा | रविवार, ००:०६

सतरंजी टाकली आहे, शेंगदाणे घेतले आहेत. चालू द्या.

---

पांढरी_चार | रविवार, सकाळी ८:१५

रमेशजी, सकाळी सकाळी भांडणार नाही. पण प्रश्न खरंच चांगला आहे, म्हणून रियाज सोडून लिहायला बसले. (गायन शिकते, विशारद झालंय, पाश्चात्त्य संगीत ऐकून-वाचून. चूक असेल तर सांगा.)

त्या कॅसेटवरची पहिली रचना म्हणजे 'सो व्हॉट'. तिचा सा खरोखरच पांढरी दोन आहे. वापरलेले स्वर बघितले तर आपला काफी थाट: गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे सुरांच्या बाबतीत परकं काहीच नाही.

आता मात्रा मोजा. ती एक फेरी बरोबर तीनतालाची (सोळा मात्रांचं एक आवर्तन) आठ आवर्तनं आहे. पहिली चार आवर्तनं पांढरी दोनचा काफी. पाचव्या आणि सहाव्या आवर्तनात तोच काफी, स्वरांची रांग तीच, फक्त सा उचलून काळी दोनवर नेलेला. सातव्या-आठव्याला पुन्हा खाली. प्रत्येक जण आपली पाळी आली की ह्याच आठ आवर्तनांवर फेऱ्या मारतो. बाबा म्हणाले "आता होता तोही पळाला", ते पाचवं आवर्तन.

आपल्याकडे तंबोरा सुरू झाला की सा गाडून टाकलेला खांब. मैफल संपेपर्यंत हलत नाही. सगळी गंमत त्या खांबापासून किती लांब गेलो आणि कसे परत आलो ह्यात. ह्यांच्याकडे खांब खांद्यावर घेऊन चालतात. हे मला कळलं तेव्हा मी एक उद्योग केला. फोनवरचा तंबोरा पांढरी दोनला लावला आणि दुसऱ्या फोनवर 'सो व्हॉट'. चार आवर्तनं सुरेख, मंद्रातला तो बासवाला विचारतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात, तंबोरा मागे मस्त घुमतोय. आणि पाचव्याला असं काही कडू झालं की दात आंबले. तेव्हा लक्षात आलं की हे संगीत ऐकताना मनातला तंबोरा आपण आपल्या नकळत लावून ठेवलेला असतो. तो बंद करता आला पाहिजे. मला अजून पूर्ण जमत नाही.

मात्र "दोनच्या वर आणि काळीच्या खाली" हे कोडं आहे. माझ्याकडे तर पांढरी दोनला चोख लागलं.

---

खेतवाडीचा_खर्ज | रविवार, सकाळी ९:०२

ताई, दंडवत. आठ आवर्तनं मोजत तीनदा ऐकलं, पाचव्याला अंगावर काटा. पण बाबांचा कान असा चुकत नाही हो. मंडळात कोणाची वीणा जरा उतरली तर दुरून सांगतात.

---

जुनी_तबकडी | रविवार, सकाळी ११:३०

खर्जराव, तुमच्या वडिलांची बाजू घ्यायला आलो आहे. वय ६९, ठाकुरद्वार, अजूनही तिथेच.

आमच्या घरी जॅझ आला तो थोरल्या भावाच्या मर्फी रेडिओतून. रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका. विलिस कॉनोव्हर नावाचा निवेदक होता, त्याचा जॅझचा कार्यक्रम १९५५ पासून चालू होता. हा गृहस्थ मुद्दाम सावकाश, सोपं इंग्रजी बोलायचा, एकेक शब्द सुटा. आम्हा मराठी शाळेतल्या पोरांना बातम्यांमधलं इंग्रजी कळायचं नाही, पण त्याचं कळायचं. माझं इंग्रजी त्याने सुधारलं असं मी मुलाखतीत सांगितलं होतं, साहेबाला पटलं नाही. गंमत म्हणजे त्या केंद्राचं प्रसारण खुद्द अमेरिकेतल्या लोकांसाठी नव्हतंच, कायद्यानेच बंदी. त्यामुळे ठाकुरद्वारला जो माणूस ओळखीचा, तो त्याच्या गावात कोणाला ठाऊक नाही. त्याच काळात अमेरिकन सरकार आपले वादक जगभर पाठवत होतं. डेव्ह ब्रुबेक १९५८ ला मुंबईत येऊन गेला, ड्यूक एलिंग्टन १९६३ ला भारतात होता, लुई आर्मस्ट्राँग १९६४ ला. भाऊ ह्यांतल्या एकाला ऐकून आला होता. कोणाला, ते दर दिवाळीला बदलायचं.

मी स्वतः ऐकलं ते १९७८ साली. निरंजन जव्हेरींनी 'जॅझ यात्रा' सुरू केली. रंगभवन, धोबीतलाव, झेवियर्सच्या शेजारी. छप्पर नाही, आकाशाखाली. तिकिटाचे पैसे नव्हते. आम्ही चौघे मित्र बाहेर फुटपाथवर, खाली पेपर अंथरून. सॉनी रॉलिन्स आत वाजवत होता आणि मधूनच रस्त्यावरून बेस्टची बस जायची, तेवढ्या वेळेचा सॅक्सोफोन कायमचा गेला. दिसत काहीच नव्हतं. माणसाच्या श्वासाचा आवाज भिंतीपलीकडे येतो हे मात्र तेव्हा कळलं. लांबलचक तान संपवून तो श्वास घ्यायचा आणि बाहेर आम्हीही घ्यायचो. पुढे इस्पितळं आणि कॉलेज जवळ म्हणून तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातलं ते उघड्यावरचं वाजणं थांबलं. आता तिकिटाचे पैसे आहेत.

असो, मुद्द्यावर येतो. माझ्याकडे त्याच 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी तबकडी आहे. तिची पहिली बाजू माझ्या पेटीशीही लागत नाही. थोडी चढीच. मला वाटलं टर्नटेबल जोरात फिरतंय. दुरुस्तीवाल्याला तीनदा बोलावलं, त्याने तीनदा पैसे घेतले आणि तिसऱ्यांदा म्हणाला, काका, मशीन ठीक आहे, तुमचं वय झालं. पण दुसरी बाजू लावली की सगळं सुरात! एकाच तबकडीची एक बाजू धावते आणि दुसरी चालते, हे कसं? कोणी सांगेल का?

---

साकीविहार | रविवार, दुपारी १२:१०

काका, काय लिहिलंय! तो श्वासाचा भाग दोनदा वाचला.

सॉनी रॉलिन्सवरून: तो त्याआधीही मुंबईत राहून गेला होता. साठच्या दशकाच्या अखेरीस सगळं सोडून पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला होता, काही महिने. मी रोज त्या आश्रमावरून रिक्षाने जाते, ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं हमखास तिथेच अडकते. न्यू यॉर्कला असताना घरी वाजवलं की शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून हा माणूस विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करायचा. साकीविहार रोडचा आजचा गोंगाट बघता इथे त्याला पुलाची गरज पडली नसती.

---

सहा_तारा | रविवार, दुपारी ३:४५

जुनी_तबकडी काका, खर्जभाऊ, दोघांचंही कोडं सुटतंय. बाबा बरोबर होते. शंभर टक्के.

ती तबकडी दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पहिली बाजू सगळी मार्चची. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. मुद्रण हळू मशीनवर झालं आणि तबकडी काढताना टेप योग्य वेगाने वाजवली, की सगळं थोडं जलद आणि थोडं चढं येणारच. दुसरी बाजू एप्रिलमधली, तेव्हा मशीन ठीक. बरीच वर्षं जगभर तशीच तबकडी विकली गेली. मार्चच्या दिवशी खबरदारी म्हणून दुसऱ्या मशीनवरही टेप चालू होती, तिचा वेग बरोबर होता. १९९२ पासूनच्या सुधारित आवृत्त्या त्या टेपवरून काढल्या. पांढरी_चार ताईंनी फोनवर ऐकलं ते सुधारलेलं, म्हणून चोख लागलं. खर्जभाऊंची कॅसेट बहुतेक जुन्या साच्यातली. (शिवाय आपले डेक काही देवाने पाठवलेले नव्हते, थोडा दोष त्यांचाही धरा.)

म्हणजे खेतवाडीतल्या एका पेटीवाल्याने भात्यावर हात ठेवून जे पकडलं, ते पकडायला कंपनीला तीस वर्षांहून जास्त लागली.

आता गिटारबद्दल, कारण धाग्याच्या नावात आहे आणि कोणी बोलत नाहीये. मी वाजवतो. पोटापुरतं नाही, शनिवार-रविवारपुरतं. शिकायला उपनगरातल्या एका क्लासला जायचो. दोन वर्षं एकच गाणं शिकवलं, वार्षिक कार्यक्रमात चाळीस पोरांनी एकदम वाजवायचं. ते सोडून परळच्या चाळीत रात्री एकटा बसायला लागलो. दहा बाय बाराची खोली, आजी झोपलेली, भिंतीपलीकडे काकूंना पहाटेची पाळी. तारेला नख लागलं तरी खोकल्याचा आवाज यायचा. म्हणून अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवायचो. आणि वाटायचं, आपलं हे काहीतरी अडाणी आहे.

मग वेस मॉन्टगमरीबद्दल वाचलं. इंडियानापोलिसचा. घरी भरपूर पोरं, दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात वाजवायचं, आणि रियाज करायचा मधल्या वेळात. शेजारी झोपलेले म्हणून त्याने तार छेडायची पट्टी टाकून अंगठा धरला. पुढे तोच त्याचा आवाज झाला, सायीसारखा. लोक आज महागडी यंत्रं घेऊन तो आवाज काढायला बघतात. त्यांना म्हणावं, आधी भिंतीपलीकडे एक काकू आणा.

पेटीवाल्या बाबांसाठी अजून एक सांगतो. पेटीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) नाही, आणि त्यावरूनच आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. गिटारलाही खरं तर पडदे आहेत, घरं ठरलेली. पण तार बोटाने आडवी ताणली की स्वर घरातून बाहेर सरकतो. ब्लूजचा (जॅझच्या मुळाशी असलेलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं गाणं) सगळा जीव त्या ताणण्यात. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार ह्यांच्या मधली जी जागा आहे ना, जिथे दरबारीत आपण झुलतो त्याच्या शेजारचीच खोली, तिथे हे लोक राहायला आहेत. बी. बी. किंग गाताना वाजवायचा नाही. एक ओळ तो गायचा, मग थांबायचा आणि पुढची गिटार गायची. आपल्या सारंगीवाल्यासारखं, फक्त दोघं एकाच अंगात.

आणि ताईंच्या आवर्तनांना माझं एक जोडतो. ब्लूजची बारा मापांची फेरी, एका मापात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. बरोबर तीन तीनताल! पहिल्या आवर्तनात एक ओळ, सा धरून. दुसऱ्यात तीच ओळ पुन्हा, पण खालचा आधार मध्यमावर जाऊन परत येतो, त्यामुळे तीच ओळ वेगळी ऐकू येते. तिसऱ्यात उत्तर, पंचमावरून उतरत घरी. शेकडो गाणी ह्याच साच्यात आहेत आणि तरी कंटाळा येत नाही.

---

खेतवाडीचा_खर्ज | रविवार, दुपारी ४:०१

थांबा. म्हणजे तीस वर्षं मी त्यांना "तुम्हाला त्यातलं कळत नाही" म्हणत आलो आणि ते बरोबर होते?

---

अर्धा_चहा | रविवार, दुपारी ४:०३

शेंगदाणे संपले. माफी माग बाबांची.

---

जुनी_तबकडी | रविवार, दुपारी ४:२०

सहा_तारा, मी आत्ता त्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानाकडे चाललो आहे.

---

लालबागची_लेक | रविवार, रात्री ९:३०

सोलबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून मी.

माझी आई भजनी मंडळात. टाळ तिच्याकडे. मागच्या एकादशीच्या आदल्या दिवशी ती मेथी निवडत बसली होती आणि मी फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवून (आवाज घुमतो, स्पीकर कशाला हवा) अरीथा फ्रँकलिन लावली होती. १९७२ सालचं, लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री केलेलं मुद्रण. अरीथाचे वडील धर्मोपदेशक, ती चर्चमध्ये गातच मोठी झाली. तोवर रेडिओवरची राणी झालेली होती, आणि मग परत चर्चमध्ये गायला आली. मागे मोठी गाणारी मंडळी, समोर लोक बसलेले, आणि ते लोक गप्प बसत नाहीत. ती एक ओळ टाकते, ते झेलतात, ओरडतात, उठून उभे राहतात.

आई दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "गजर चाललाय." मी म्हटलं, हो गं, तसंच. "पण टाळकरी नवीन दिसतायत. टाळी उलटी पडतेय."

मला कळेना. तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि मांडीवर टाळी धरून दाखवली. एक-दोन-तीन-चार. आई एक आणि तीनवर मारत होती. पातेल्यातली मंडळी दोन आणि चारवर. मी हे इतकी वर्षं ऐकतेय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं की माझे पाय आईच्या बाजूचे आहेत. मग आम्ही दोघींनी दोन-चारवर मारायचा प्रयत्न केला. चार टाळ्या नीट, पाचवीला आपोआप समेवर. आई हसायला लागली. "पाय एकावर ठेव, हात दोनवर," असं तिनेच शोधून काढलं आणि मग जमलं. बराच वेळ जमलं. मेथी तशीच राहिली, जेवायला पिठलं.

शेवटी तिने विचारलं, "ही बाई देवाचंच गाते ना?" म्हटलं इथे देवाचं, एरवी प्रेमाचं. चाल, ठेका, ओरडणं सगळं तेच ठेवून शब्द बदलायचे, ह्यातूनच तर सोल झालं. रे चार्ल्सने १९५४ मध्ये चर्चच्या गाण्याच्या वळणावर प्रेमगीत बांधलं तर लोकांनी त्याला नावं ठेवली होती. आई म्हणाली, "ठेवणारच. आमच्याकडे सिनेमाच्या चालीवर अभंग म्हटला की बुवा उठून जातात. हे त्याच्या उलट."

---

क्लॅप_बॉय | रविवार, रात्री १०:१२

लेक, त्या दोन रात्रींचं चित्रीकरणही झालं होतं, माहितीये? दिग्दर्शक सिडनी पोलॅक. पण शॉटच्या सुरुवातीला क्लॅपच दिला नाही! ढीगभर रिळं, ढीगभर आवाज, आणि कुठला ओठ कुठल्या शब्दाचा ते जुळेना. चित्रपट लोकांना दिसायला २०१८ उजाडलं. मी गोरेगावला ह्याच खात्यात आहे. आमच्याकडे पोरगं क्लॅप विसरलं तर सेटवर त्याचं काय होतं ते इथे लिहिता येणार नाही. पुढच्या वेळी त्याला हा किस्सा सांगेन.

---

धोबीतलावकर | सोमवार, सकाळी १०:४०

रमेशराव "उसन्या आवडी" म्हणाले म्हणून लिहितो. उसनं घेऊन पचवलेलं आहे हे, आणि पचवणाऱ्यांत आपला माणूस पुढे आहे.

१९३५ साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. मागोमाग टेडी वेदरफोर्डसारखे पियानोवाले. त्यांचं ऐकून, त्यांच्याबरोबर बसून गोव्याकडचे आपले वादक तयार झाले. हे लोक चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले. मुंबईत राहायचे आमच्या धोबीतलावच्या कुडांमध्ये. कूड म्हणजे एकेका गावाची खोली, ट्रंका भिंतीला लावलेल्या, माणूस बोटीवर गेला की ट्रंक राहायची. त्यातलाच एक आंतोनियो शावियेर वाझ. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणायचे, आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग.

हॉटेलातलं काम कमी झालं तसे हे लोक सिनेमात आले. आणि चिक चॉकलेटचा ट्रम्पेट कोणाकडे वाजला? सी. रामचंद्रांकडे. म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. १९५१ चा 'अलबेला' बघा, चिक पडद्यावर ताफ्यासकट दिसतो. 'शोला जो भडके' गणपतीत वाजलं नाही असं एक मंडळ गिरगावात दाखवा.

तेव्हा रमेशराव, तुम्ही लहानपणापासून जॅझ ऐकताय. कोणी सांगितलं नव्हतं एवढंच.

अवांतर: १९६८ ला शंकर-जयकिशननी रईस खानांची सतार घेऊन रागांवर जॅझची तबकडी काढली होती. ११ राग, तोडीपासून भैरवीपर्यंत. मिळाली तर ऐका. मला स्वतःला ती अर्धी आवडते, पण कुठली अर्धी ते दर वेळी बदलतं.

---

रोखठोक_रमेश | सोमवार, दुपारी १:०५

'शोला जो भडके' मान्य. त्याला कोण नाही म्हणतंय. पण परवा पुतण्या एका ठिकाणी जॅझ ऐकायला घेऊन गेला. आत जायचेच एवढे पैसे की तेवढ्यात आमच्या वेळी सवाईची भारतीय बैठक तिन्ही दिवस झाली असती. शेजारच्या टेबलावर लोक जोरजोरात फ्लॅटचे भाव बोलत होते. वाजवणारा बिचारा डोळे मिटून वाजवत होता. तो चांगला वाजवत होता, हेही लिहितो. लोक नालायक.

---

पांढरी_चार | सोमवार, दुपारी १:३०

रमेशजी, ह्या प्रतिसादाला माझे पूर्ण गुण. फ्लॅटचे भाव कुठल्याच सुरात लागत नाहीत.

---

खेतवाडीचा_खर्ज | सोमवार, रात्री ११:१५

आज घरी लवकर आलो. बाबा ८१ चे आहेत, मंडळात जाणं बंद झालंय, पण पेटी कॉटखाली आहे. त्यांना सगळं सांगितलं. मशीन हळू होतं, तबकडी चढी निघाली, कंपनीने मागाहून सुधारली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मी काय म्हणत होतो?" एवढंच. माफीबिफी मागायची संधी दिली नाही.

म्हटलं, आता सुधारलेलं लावतो, बघा. पेटी काढली. स्केल चेंजर आहे, तुम्हाला माहीत असेलच, सगळी पट्टी उचलून एकेक घर बाजूला सरकवता येते. फोन लावला. पांढरी दोन दाबली आणि मान डोलली. "हां. आता आहे." चार आवर्तनं नुसता सा धरून बसले, मग हळूच कोमल गंधार लावला, काफीची एक लहानशी जागा घेतली. पाचव्याला सा पळाला. ह्या वेळी हात उचलला नाही, माझ्याकडे बघितलं. ताईंनी लिहिलेलं सांगितलं: दोन आवर्तनं काळी दोन, मग परत.

"मग पट्टी सरकवू की," म्हणाले.

आता हे करायला भाता थांबवून, पट्टी उचलून, एक घर उजवीकडे बसवावी लागते. आणि ह्या लयीत दोन आवर्तनं म्हणजे जेमतेम चौदा-पंधरा सेकंद. पहिल्या वेळी पट्टी बसेपर्यंत मंडळी खाली उतरलेली. दुसऱ्या वेळी खिट्टी अडकली. तिसऱ्या वेळी मी खिट्टी धरली, ते भाता धरून, मी मोठ्याने मात्रा मोजतोय. बरोबर पाचव्याच्या समेला काळी दोन लागली! सून आतून बघायला आली. पण त्या आनंदात परत उतरायचं दोघंही विसरलो आणि सातव्याला जे काही वाजलं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार.

"उतरायला वेळच देत नाहीत मेले," म्हणाले. आणि मग, "पुन्हा लाव."

---

सहा_तारा | सोमवार, रात्री ११:२१

नुसत्या बोटांनी काळी दोनचा काफी वाजवा म्हणावं, पट्टी सरकवायची गरज नाही.

---

खेतवाडीचा_खर्ज | सोमवार, रात्री ११:२४

सांगितलं. म्हणाले, "त्यात काय मजा?"

---

जुनी_तबकडी | मंगळवार, सकाळी ७:५०

वडिलांना नमस्कार सांगा. एकदा ठाकुरद्वारला घेऊन या, माझ्या जुन्या तबकडीवर प्रयत्न करू. पेटी लागणार नाही. चहा चांगला मिळेल.